बोनस नको, भाव सांगा

विजेचं वर्षाचं बिल आलं आणि त्यात बोनसची ओळच नाही. जर्मनीत वीज कंपनी बदलली की नवी कंपनी पहिल्या वर्षाच्या बिलातून जी रक्कम वजा करायचं कबूल करते तो हा बोनस. माझे अडीचशे युरो गायब. बाकी सगळं आहे. मीटरचा नंबर, मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, गेल्या वर्षीपेक्षा किती जास्त वापरली त्याचे रंगीत खांब, वीज वाऱ्यापासून किती आणि कोळशापासून किती त्याचं गोल चित्र. बोनस तेवढा नाही. उलट थकबाकी काढलीय, चौदा दिवसांत भरा म्हणून.

फोन लावला. हे एक करा, ते दोन दाबा, बराच वेळ तीच धून, मग एक बाई आल्या. माझा ग्राहक क्रमांक घेतला, जन्मतारीख घेतली आणि अगदी थंड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आमच्या नव्या ग्राहक नाही." म्हटलं, बाई, तुमचंच स्वागताचं पत्र माझ्यासमोर आहे, नव्या ग्राहक म्हणून तुमचं स्वागत असं पहिल्याच वाक्यात आहे, आणि खाली बोनसचा आकडा ठळक अक्षरांत आहे. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, पण त्याआधी तुमच्या पत्त्यावर अमुक कंपनीची वीज होती ना? होती. ती आमच्याच समूहातली कंपनी आहे. अटींमध्ये लिहिलंय: गेल्या सहा महिन्यांत त्याच पत्त्यावर आमची किंवा आमच्याशी संलग्न कंपनीची वीज घेतली असेल तर बोनस लागू नाही.

संलग्न म्हणे! दोन वेगळी नावं, दोन वेगळे रंग, दोन वेगळ्या वेबसाइट, दोन वेगळे फोन नंबर. सगळ्या कंपन्यांचे भाव एका यादीत दाखवणाऱ्या तुलनेच्या पोर्टलवर दोघी वरखाली उभ्या, एकमेकींच्या स्पर्धक असल्यासारख्या. एकीने भाव वाढवला म्हणून मी तिला सोडलं आणि त्याच मालकाने दुसऱ्या दारातून मला पकडलं. विकताना ही कंपनी वेगळी होती. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा दोघी एक झाल्या.

आणि माझं डोकं ज्याने सगळ्यात जास्त फिरलं ते ऐका. कंपनी बदलायच्या फॉर्मवर जुन्या कंपनीचं नाव सांगावं लागतं. ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी ते भरलं होतं. जुना करार रद्द करायचं काम नवी कंपनीच करते, म्हणजे ह्यांनी आपल्याच बहिणीला पत्र पाठवून माझा करार रद्द करवून घेतला. त्या क्षणी ह्यांना पक्कं माहीत होतं की मला बोनस लागू होत नाही. आणि हे कळल्यावरसुद्धा त्यांनी मला अडीचशेचा आकडा छापलेलं पत्र पाठवलं! वर्षभर मासिक हप्ते उचलले. एका अक्षरानेही बोलले नाहीत. करारातून मला बाहेर पडता येईल अशी वेळ निघून जाईपर्यंत गप्प बसले. ह्याला बारीक अक्षरातली अट म्हणत नाहीत, ह्याला फसवणूक म्हणतात, आणि मी हा शब्द रागात वापरत नाहीये.

त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या स्क्रीनवर जे येतं ते त्या वाचतात. राग आहे तो ही अट लिहिणाऱ्यावर, आणि त्याहून जास्त ती अट पानाच्या तळाशी, फिकट करड्या रंगात, तारांकित छापायला सांगणाऱ्यावर.

आता जर्मनीत राहणाऱ्यांपैकी कुणीतरी मला सांगणार की पोर्टलवर 'बोनस धरून भाव दाखवा' ही खूण काढून टाकायची असते. माहीत आहे हो. पण ती खूण मुळात आधीपासून लावलेली का असते? तीन माणसांचं घर, वर्षाला ३,५०० युनिट धरा. एक कंपनी युनिटला ३८ सेंट आणि महिन्याला १५ युरो स्थिर आकार घेते. वर्षाचे झाले १,५१० युरो. त्यातून २५० बोनस वजा, म्हणजे १,२६०, म्हणजे महिन्याला १०५. पोर्टलवर मोठ्या अक्षरात हे १०५ दिसतात. दुसरी सरळ कंपनी आहे, युनिटला ३४ सेंट आणि महिन्याला १२ युरो, बोनस नाही. तिचे वर्षाचे १,३३४. ही बिचारी यादीत खाली जाते. प्रत्यक्षात पहिल्या कंपनीकडे तुम्ही महिन्याला साधारण १२६ भरता, आणि बोनस नाकारला गेला की त्या सरळ कंपनीपेक्षा १७६ युरो जास्त मोजलेले असतात. बोनस मिळाला तरी दुसऱ्या वर्षी तो नसतोच, भाव मात्र तोच राहतो किंवा वाढतो. म्हणजे यादीतला पहिला नंबर अशा आकड्यावर ठरतो जो माणूस एकाही महिन्यात भरत नाही.

मंडईत एखादी भाजीवाली म्हणाली, ताई, टोमॅटो साठ रुपये किलो, पण पाटीवर चाळीस लिहिलेत, वरचे वीस पुढच्या वर्षी ह्याच तारखेला येऊन घेऊन जा, फक्त मधल्या काळात शेजारच्या गाडीवरून भाजी घेतलेली नसावी, तर आपण तिला काय उत्तर देऊ? इथे मात्र ह्याला बाजारातली स्पर्धा म्हणायचं.

बरं, सहा महिन्यांचीच अट असते का? पुण्याहून मास्टर्सला आलेला एक मुलगा आहे ओळखीतला. घरमालकाला खोली हवी होती म्हणून दहाव्या महिन्यात त्याला घर बदलावं लागलं. कंपनीने करार आनंदाने नव्या पत्त्यावर नेला आणि बोनस मारला, कारण अट म्हणते एकाच पत्त्यावर सलग बारा महिने. "ताई, कंपनी तीच, मी तोच, दर तोच, मग मोजणी नव्याने का?" असं त्याने मला विचारलं. त्याच्यासाठी दीडशे युरो म्हणजे महिन्याचं किराणा सामान आहे. कुणाचा बोनस टक्क्यांत असतो, 'पंचवीस टक्क्यांपर्यंत', आणि तो फक्त युनिटच्या रकमेवर, स्थिर आकारावर नाही. कुणाला किमान वापराची अट लागते. उन्हाळ्यात घर बंद करून भारतात गेलात, वापर कमी झाला, की बोनस आटला. हे 'पर्यंत' जाहिरातीत वापरायला कायद्यानेच बंदी हवी. 'पर्यंत' म्हणजे कितीही कमी.

भावाच्या हमीचंही तसंच. बारा महिने भाव वाढणार नाही असं वर ठसठशीत लिहायचं आणि खाली लिहायचं की कर, सरकारी आकार आणि नेटवर्कचा खर्च त्यात येत नाही. अहो, बिलाचा निम्म्याहून जास्त भाग तोच असतो! मग हमी कसली दिली तुम्ही?

आणि भाववाढीची पत्रं. कायदा म्हणतो घरगुती ग्राहकाला निदान एक महिना आधी कळवा, सोप्या भाषेत कळवा, आणि त्याला करार सोडायचा हक्क आहे हेही सांगा. आमच्या आधीच्या कंपनीने ते कसं कळवलं? 'आपल्या ऊर्जेच्या ताज्या बातम्या' अशा विषयाची ईमेल. वरती पवनचक्की आणि हसरं कुटुंब. मग बाजारातल्या घडामोडींवर तीन परिच्छेद. भाववाढ चौथ्या परिच्छेदात, आणि तीही फक्त नवा दर लिहून, जुना शेजारी ठेवलाच नाही. त्या ईमेलला उत्तर द्यावं तर पत्ताच उत्तर न घेणारा. ह्या उत्तर न घेणाऱ्या पत्त्यांची मला भयंकर चीड आहे. माझ्या खात्यातून पैसे उचलायचा पत्ता बरोबर चालतो, माझं म्हणणं ऐकायचा तेवढा बंद.

त्यातही कडी म्हणजे हे: भाव वाढला म्हणून कायद्याने दिलेला हक्क वापरून तुम्ही पहिल्या वर्षात बाहेर पडलात, तरी बोनस जातो. माझ्या आताच्या करारात तशी अट चक्क लिहिलेली आहे. भाव तुम्ही वाढवायचा, आणि आम्ही निघालो तर दंड आम्हाला!

नवरा म्हणतो, सोड, अडीचशे युरोंसाठी रक्तदाब वाढवू नकोस, पुढच्या वर्षी पुन्हा बदलू. ह्या 'सोड'वरच ह्यांचा धंदा चालतो. दरवर्षी किती लोक बोनसची ओळ तपासायलाच विसरत असतील, किती जण फोनवर दहा मिनिटं धून ऐकून ठेवून देत असतील, किती नवी मुलं जर्मन पत्र वाचता येत नाही म्हणून गप्प बसत असतील, ह्याचा हिशोब त्या कंपनीत कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. माझ्या जिमने असंच केलं होतं. पहिले तीन महिने फुकट म्हणाले, आणि ते तीन महिने कराराच्या शेवटी जोडले, म्हणजे ते मिळवायला आधी दोन वर्षं पूर्ण भरा. इंटरनेटवाल्याने राउटर फुकट दिला आणि करार संपल्यावर तो परत पाठवायला उशीर झाला म्हणून त्याचे पैसे लावले. तेव्हाही घरात हेच ऐकलं होतं, सोड. आता नाही सोडणार.

शिवाय हा खेळ नवा नाही. जर्मनीत वीज कंपनी निवडायची मोकळीक १९९८ पासून आहे आणि ह्या बोनसबहाद्दर कंपन्यांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. टेल्डाफॅक्स लोकांकडून वर्षाचे पैसे आगाऊ घ्यायची, २०११ च्या जूनमध्ये दिवाळखोरीत गेली, लाखो ग्राहकांचे पैसे अडकले. मग फ्लेक्सस्ट्रोम. तिच्या अटीत लिहिलं होतं, पहिल्या वर्षात करार रद्द केला तर बोनस नाही, मात्र वर्ष संपल्यावर तो रद्द होत असेल तर गोष्ट वेगळी. ज्यांनी बरोबर वर्ष पुरं करून करार सोडला त्यांनाही कंपनीने बोनस नाकारला. लोक कोर्टात गेले. कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १७ एप्रिल २०१३ ला निकाल दिला की ह्या लोकांना बोनस मिळायलाच हवा. आणि कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता १२ एप्रिलला, पाच दिवस आधी. निकाल हातात, पैसे नाहीत. २०२१ च्या डिसेंबरमध्ये स्ट्रोमिओने ऐन थंडीत वीजपुरवठाच थांबवला. दिवे गेले नाहीत, कारण स्थानिक कंपनीला पुरवठा करावाच लागतो, पण कित्येक ठिकाणी ह्या अचानक आलेल्या लोकांना जुन्या ग्राहकांपेक्षा कितीतरी महाग दर लावला. पुढे कायदा बदलून तो भेदभाव बंद करावा लागला.

म्हणजे कायदा बदलता येतो. मग ह्या बोनसचंच घोडं कुठे अडलंय?

नाशिकला आईचं महावितरणचं बिल येतं. त्या बिलावर कितीही तक्रारी असोत, आणि आईच्या पुष्कळ आहेत, पण वेळेत भरल्याची सूट कशी लिहिलेली असते ते बघा. ह्या तारखेपर्यंत भरल्यास एवढे, त्यानंतर भरल्यास एवढे. तारीख समोर, रक्कम समोर. चष्मा लावून आईला ते एका नजरेत कळतं. कागदी बिल नको म्हटलं की मिळणारी सूटही बिलातच. मामा मात्र फोनवर मला सांगतात, तुमच्याकडे बरं आहे, पाहिजे ती कंपनी घेता येते, आपल्याकडेही तसं व्हायला हवं. एकाच भागात अनेक कंपन्यांना वीज विकू द्यायचं विधेयक २०२२ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत मांडलं होतं, ते मामांच्या डोक्यात आहे. मामा, निवड जरूर मागा. पण त्याच अर्जात दुसरी ओळ लिहा: सूट द्यायची असेल तर दर महिन्याच्या बिलात द्या, नाहीतर तिची जाहिरात करू नका.

माझी मागणी एवढीच आहे. बोनस म्हणून जे दाखवता ते माझेच पैसे आहेत. आधी जास्त दर लावून ते माझ्याकडून घेतलेत, वर्षभर बिनव्याजी वापरलेत. ते परत करताना अटी कसल्या घालता? तुलनेच्या यादीत कंपन्यांचा क्रम युनिटचा दर आणि स्थिर आकार ह्यांवरच लागला पाहिजे. फॉर्ममध्ये जुन्या कंपनीचं नाव भरल्या भरल्या, तुम्हाला बोनस मिळणार नाही, हे त्याच पानावर दिसलं पाहिजे. आणि एका मालकाच्या दोन कंपन्या यादीत असतील तर दोन्हींच्या खाली मालकाचं नाव हवं.

मी तक्रार लिहून पाठवली आहे. फोनवर नाही, लेखी. चार आठवड्यांत त्यांनी निकाल लावला नाही तर बर्लिनच्या ऊर्जा तक्रार लवादाकडे, श्लिश्टुंग्सश्टेले एनर्गीकडे, जाता येतं आणि ग्राहकाला त्याचा खर्च नाही. तुमचं बिल येईल तेव्हा सगळ्यात आधी बोनसची ओळ शोधा. थकबाकीची रक्कम नुसती भरून टाकू नका, त्यातून बोनस वजा झालाय का ते बघा. कंपनी बदलण्याआधी दोन्ही वेबसाइटच्या अगदी तळाशी इम्प्रेसुम, म्हणजे कंपनी कुणाची ते सांगणारं पान, उघडून मालक आणि पत्ता ताडून पाहा. पुण्याच्या त्या मुलाचं तक्रारीचं पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं, तेही काल गेलं. आणि कंपनी बदलताना पोर्टलच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर ते पान सापडत नाही. माझ्याकडे आहे. वर जुन्या कंपनीचं नाव, खाली अडीचशे युरो, दोन्ही एकाच पानावर. तक्रारीला पहिलं तेच जोडलंय.