पुढचं चाक

पावसाळ्यात घरात बसून शांतपणे करता येईल असा छंद हवा, म्हणून मी सुटे भाग जोडून करायच्या प्लॅस्टिकच्या विमानाचा खोका आणला. या वाक्यातला 'शांतपणे' हा शब्द मी मागे घेतो.

विमान सी हॉक. १९७१ च्या युद्धात नौदलाच्या जुन्या विक्रांत या विमानवाहू बोटीवरून उडून चितगाव नि कॉक्स बाजारवर हल्ले करून आलेलं. माप एकास बहात्तर. म्हणजे ६ फुटी माणूस एक इंचाचा, आणि ३९ फुटी पंखांचं विमान साडेसहा इंचांचं. "ठेवायला किती जागा लागेल?" असं हिने विचारलं, तेव्हा मी वीतभर हात दाखवला आणि ते खरंच होतं. करायला किती जागा लागेल हे तिने विचारलं नाही. जुलैभर आम्ही जमिनीवर बसून जेवलो.

या कामाचा गोंद नुसता चिकटवत नाही, प्लॅस्टिक वितळवतो. दोन तुकडे जुळवून धरायचे, फटीला ब्रश टेकवायचा, की तो आपसूक आत पाझरतो आणि दोन्हीकडचं प्लॅस्टिक एकजीव होतं. तो माझ्या अंगठ्याखालीही पाझरला. बँकेपासून रेशन दुकानापर्यंत कुठल्याच मशिनवर न उमटणारा माझा अंगठा डाव्या पंखावर रेषारेषांसकट उमटला. मग पुट्टी, मग १००० नंबरचा वॉटर पेपर, मग पुन्हा पुट्टी. गोंद वाळेपर्यंत जोड आवळून धरायला कपड्यांचे चिमटे लागतात. घरातले सगळे चिमटे विमानाला लागल्यामुळे माझे दोन बनियन खालच्यांच्या ग्रिलवर गेले. ते परत करायला आलेल्या काकूंनी दारातच नाक मुरडलं, "रंग काढलाय का? दिवाळीला तर अवकाश आहे!" थिनरचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला होता.

रंगाच्या बारीक टिंबांसाठी इन्सुलिनची सुई बरी पडते, असं ऐकून केमिस्टकडे गेलो. "शुगर कधीपासून?" त्याने आपुलकीने विचारलं. "शुगर नाही, विमानासाठी हवीय," मी म्हटलं. त्यानंतर तो माझ्याशी फक्त सुट्ट्या पैशांबद्दल बोलला.

खुणांची चित्रं कोमट पाण्यात बुडवली की कागदावरून सुटतात, मग ती ओल्या ब्रशने पंखावर सरकवायची. पंखा बंद, खिडकी बंद, अंगाची आंघोळ झालेली. तिरंगी गोल नीट सरकला, पण पंखावर काही दिसेना. शोधाशोध करून कामावर निघालो. लोकलमध्ये वरची कडी धरून उभा असताना समोरच्या गृहस्थांनी आदराने विचारलं, "नेव्हीत का?" गोल माझ्या कोपरावर होता.

काचेचं तर मनावरच घेऊ नये असं झालं. वैमानिकाच्या डोक्यावरची ती पारदर्शक टोपी पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदाने लावायची असते, हे मला ठाऊक होतं. पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते, म्हणून फेव्हिक्विक लावलं. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी संगनमत करते, आणि मुंबईत जुलैमध्ये ओलाव्याला काय तोटा! सकाळी काच आतून धुरकट पांढरी. रात्री जागून ज्याच्या हेल्मेटला तिहेरी शून्य नंबरच्या केसाएवढ्या ब्रशने रंग दिला, त्या वैमानिकाला रातोरात मोतीबिंदू.

तरी या सगळ्यापेक्षा पुढचं चाक भारी पडलं. अगरबत्तीच्या काडीवर खोचून काळं रंगवलेलं, जेमतेम पाच मिलिमीटरचं चाक. चिमट्यात धरलं आणि टिच्! जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही. ते बहुधा अजून पडायचंच आहे. मी टॉर्च जमिनीशी आडवा धरून गालफड फरशीला टेकवून शोधलं. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पायमोजा बांधून सोफ्याखाली फिरवला. त्यात मुलीचं कानातलं, साबुदाणे आणि आई २०१९ पासून शोधत असलेला जपमाळेतला तुळशीचा मणी मिळाला. मावशी केर काढून गेल्या होत्या. फोन केला तर म्हणाल्या, "दादा, काळं बारीक होतं खरं. मुंगळा समजून बाहेर टाकला."

आईला सगळा प्रकार सांगितला. तिने शांतपणे डबा काढला आणि तळहातावर एक दाणा ठेवला. अख्खा मसूर. गोल, चपटा, पाच मिलिमीटर, दोन्हीकडून किंचित फुगीर. एवढं हुबेहूब चाक परदेशी कारखान्यालाही जमलं नसतं! काळा रंग दिला, फेव्हिक्विकने बसवला, घरच्यांना बोलावलं, विमान टेबलावर ठेवलं.

विमानाने क्षणभर विचार केला आणि ते हळूच शेपटावर बसलं.

पुढे चाक असलेल्या विमानाच्या नाकात, दोन्ही भाग चिकटवण्याआधी, वजन घालावं लागतं. मासे धरायच्या गळाचं शिसं चालतं. ते माझ्याकडे होतं. भाऊच्या धक्क्यावरून आणून पुडीत बांधून ठेवलेलं. पुडी अजून तशीच होती. ज्या चाकासाठी मी फरशी गालाने पुसून काढली, ते आता टेबलापासून बोटभर वर, हवेत होतं.

"म्हणजे चाक नसतं तरी चाललं असतं," मुलगी म्हणाली.

मी रागाने म्हटलं की पुढच्या पावसाळ्यात विक्रांतच करणार, याच मापाची. हिने हिशोब घातला: ७०० फुटांची बोट, म्हणजे जवळजवळ १० फूट. आमचा हॉल १० बाय १२ चा. "खरी तर २०१४ साली दारूखान्याला, जहाजं मोडतात तिथे, तोडायला काढली," ती म्हणाली. "हिला कुठे नेणार?"

विमान शोकेसमध्ये, नाक वर करून बसलं. गणपतीच्या साफसफाईत हिने फडकं फिरवताना हाक मारली, "अहो, इकडे या जरा." चाकाला बरोब्बर मध्ये एक गोल भोक पडलं होतं. मसुराला भुंगा लागला होता. तो रंग फोडून बाहेर आला होता आणि माझ्या अंगठ्याच्या ठशावरून पंखाच्या टोकाकडे चालला होता.

"वैमानिक उतरला वाटतं," ही म्हणाली.