‘सपाटीसारखंच घाला’? उतारावरच्या कुंपणाचं खरं गणित

बागायतदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: उतारावर कुंपण घालणं अवघड नाही. लांबी नकाशावरून काढा, खांब उताराला काटकोनात उभे करा, खड्डे सगळीकडे दीड फूट घ्या, कुठलीही जाळी कसून ताणा, खाली फट राहिली तर सिमेंटचं बांधकाम करून बुजवा. वीस वर्षं बघायला नको! कोकणातल्या कलमांच्या बागेत हे जसंच्या तसं केलं, तर दुसऱ्याच पावसाळ्यात बघायला धावावं लागेल.

लांबीचं आधी उरकून टाकू. मोजणीच्या नकाशावरचं अंतर सपाटीतलं असतं. तीन फुटांना एक फूट उतार असेल, तर नकाशावरच्या 100 फुटांना 105 फुटांहून थोडी जास्त तार लागते.

काटकोनाचा सल्ला मात्र घातक आहे. खांब ओळंब्यातच, म्हणजे सरळ उभाच हवा. त्याच उतारावर काटकोनात रोवलेल्या सहा फुटी खांबाचा शेंडा जवळजवळ दोन फूट खालच्या अंगाला झुकतो. कुंपण उताराला आडवं असेल, तर तुमची तार थेट खालच्या शेजाऱ्याच्या हद्दीवर. वीतभर बांधासाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या आपल्या मुलखात एवढं निमित्त पुरे.

‘दीड फूट’ म्हणे. पण कुठल्या कडेने? फूटभर रुंद खड्ड्याच्या दोन कडांत इथे चार इंचांचा फरक पडतो. वरच्या कडेने दीड फूट मोजलेला खड्डा खालच्या कडेने 14 इंचच असतो, आणि खांबाला उताराकडे कलू न देणारी माती खालच्या कडेचीच. खोली तिथूनच मोजा, निदान दोन फूट घ्या, भरावाच्या मातीत त्याहून जास्त. कातळ लागला तर पहारीने घाम गाळण्यापेक्षा ड्रिलने भोक पाडून लोखंडी खांब सिमेंटात बसवलेला बरा.

आता ‘कसून ताणा’. सपाटीवर मधल्या खांबाला तारेचं फारसं ओझं नसतं. उतार जिथे बदलतो तिथे खेळ पालटतो. टेंगळावर ताणलेली तार खांबाला खाली दाबते, ते चालतं. खोलगटात ती खांबाला वर उपटते. दोन्हीकडून चाराला एक उतार आणि एका तारेत 100 किलोचा ताण धरला, तर वरची ओढ 48 किलोच्या आसपास येते. पाच तारा असतील तर 240. भिजल्या मातीतला दीड फुटी खांब ती कितीशी सोसणार? मग तार सरळ होते, खांब लोंबकळतो आणि खालून रानडुकरांना राजमार्ग. म्हणून खोलगटातला खांब सर्वांत खोल घ्यायचा, बुडाशी काँक्रीट जास्त घालायचं, किंवा मोठा दगड पुरून त्याला खांब तारेने जखडायचा.

‘कुठलीही जाळी’ हेही खोटं. चौकटीची विणलेली जाळी बऱ्यापैकी तिरकी होते, वेल्ड केलेली होत नाही. ती पायऱ्यांनीच लावावी लागते आणि तिनाला एक उतारावर आठ फुटी तुकड्याखाली खालच्या टोकाला सुमारे पावणेतीन फुटांची फट उरते. आणि उताराला आडव्या कुंपणाखालची फट सिमेंटच्या भिंतीने बुजवली, की झालं धरण. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडणारं पाणी जाणार कुठून? आपला जुना जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी बांध, कोरडा रचलेला असतो, पाणी फटींतून झिरपून जातं. सिमेंट वापरायचंच असेल तर पाण्याला बुडाशी भोकं ठेवा. पऱ्या, म्हणजे पावसाळी ओहोळ, आडवा येतो तिथे तर काहीच बांधू नका. तार वरून न्या आणि खाली जाळीचा सुटा तुकडा लोंबता सोडा, लोंढा आला की तो उचलला जातो. अडकलेला पाचोळा काढायला मात्र पावसात एखादी फेरी मारावी लागेल.