‘चर्चमध्ये लपवलेली ५००० मुलं’: त्या फॉरवर्डमधलं खरं किती?

गेल्या काही महिन्यांत हा मजकूर मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: ‘दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या आंद्रे त्रोक्मे नावाच्या पाद्र्याने एकट्याने ५००० ज्यू मुलांना आपल्या चर्चमध्ये लपवलं. सगळं गाव त्याच्या एका शब्दावर उभं राहिलं. नाझींना पत्ता लागला नाही, एकाच्याही केसाला धक्का लागला नाही.’

त्रोक्मे खरे, गाव खरं, काम तर फारच मोठं. म्हणूनच हा मजकूर खटकतो. चांगल्या माणसाची गोष्ट आहे, मग दोन शब्द इकडेतिकडे झाले तर काय बिघडलं, असं एका मित्राने मला विचारलं. बिघडतं ते असं.

‘५००० ज्यू मुलं, चर्चमध्ये.’

ल शाँबों-स्युर-लिन्यों हे दक्षिण-मध्य फ्रान्समधल्या डोंगरपठारावरचं लहान गाव. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा वंशसंहार) स्मृती संग्रहालयाचा अंदाज असा की डिसेंबर १९४० ते सप्टेंबर १९४४ या काळात हे गाव आणि पठारावरच्या आसपासच्या गावांनी मिळून सुमारे ५००० लोकांना आसरा दिला. त्यात ज्यू ३००० ते ३५००. म्हणजे आकडा अख्ख्या पठाराचा आहे, जवळजवळ चार वर्षांचा आहे आणि त्यात मोठी माणसंही आहेत. बाकीच्यांत हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमधून पळालेले होते, हिटलरविरोधी जर्मन होते, जर्मनीत सक्तीच्या मजुरीला जायचं टाळणारे फ्रेंच तरुण होते. कितीतरी जण इथे काही दिवस थांबून पुढे स्वित्झर्लंडकडे गेले.

आणि चर्चमध्ये कोणी राहत नव्हतं. माणसं शेतघरांत, खाणावळींत, वसतिगृहांत विखुरलेली होती. मुलं शाळेत जात होती. धाड येणार अशी कुणकुण लागली की रानात पांगत आणि पोलीस गेले की परतत.

‘एकट्याने.’

खरं सांगायचं तर मजकुरातला हा एकच शब्द मला सगळ्यात जास्त लागला.

मुलं आली कुठून, ते आधी पाहा. दक्षिण फ्रान्समध्ये ज्यूंना आणि इतर निर्वासितांना डांबलेल्या गुर्स, रिव्हसाल्त यांसारख्या छावण्या होत्या. तिथून मुलांना रीतसर परवानगीने बाहेर काढायचं काम क्वेकर (युद्धाला विरोध करणारा एक ख्रिस्ती पंथ), स्विस मदतसंस्था आणि ज्यू बालकल्याण संस्था करत होत्या. अडचण एकच: बाहेर काढलेल्या मुलांना ठेवायचं कुठे? बर्न्स चाल्मर्स या क्वेकर कार्यकर्त्यांशी त्रोक्मे यांची या विषयावर बोलणी झाली आणि ल शाँबोंमध्ये मुलांची घरं उभी राहिली. सुरुवातीचा हा भाग उघड होता, कायद्यात बसणारा होता. लपवालपवी नंतर आली.

पैसा बाहेरून यायचा. गावाचे माजी महापौर शार्ल गियों जिनिव्हातून निधी आणायचे. खोटी ओळखपत्रं आणि रेशनकार्डं करणाऱ्यांत ऑस्कर रोसोव्स्की हा विशीही न गाठलेला ज्यू मुलगा होता, स्वतःच लपून राहिलेला. रेशनकार्ड नसेल तर पाव मिळत नव्हता. नुसतं धाडस करून पोट भरत नाही. त्रोक्मे यांचे सहकारी पाद्री एदुआर तेस, शाळेचे मुख्याध्यापक रोजे दार्सिसाक, डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए आणि नावंही मागे न राहिलेल्या शेतकरी बायका, ही यादी लांबच लांब आहे.

याहून पक्का पुरावा वेगळाच आहे. १९४३च्या उन्हाळ्यापासून पुढे जवळजवळ वर्षभर त्रोक्मे गावात नव्हतेच. जिवाला धोका असल्याने ते स्वतः भूमिगत झाले, खिशात ‘बेगे’ या खोट्या आडनावाचं ओळखपत्र घेऊन. त्या वर्षभरात पठारावरचं काम थांबलं नाही.

‘सगळं गाव एका शब्दावर.’

पहिल्या हिवाळ्यात एक जर्मन ज्यू बाई बर्फातून चालत आली आणि तिने पाद्र्याच्या घराचं दार ठोठावलं. दार उघडलं ते त्यांच्या पत्नी माग्दा यांनी. तिचे भिजलेले जोडे भट्टीत वाळायला ठेवून त्या कागदपत्रांसाठी नगरपालिकेत गेल्या, तर तेव्हाच्या महापौरांनी साफ नकार दिला. परत येऊन पाहतात तो जोडे जळलेले. म्हणजे आरंभ नकाराने झाला. शिवाय या पठारावरच्या प्रोटेस्टंटांच्या पूर्वजांनी १६८५नंतर धर्मासाठी स्वतः छळ सोसला होता, रानात लपून प्रार्थना केल्या होत्या. त्रोक्मे इथे १९३४ साली आले. आसऱ्याची ही सवय त्यांच्याआधीची.

‘नाझींना पत्ता लागला नाही.’

पत्ता सगळ्यांना होता. ऑगस्ट १९४२मध्ये जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारच्या युवक खात्याचे प्रमुख लामिराँ गावात आले, तेव्हा शाळेतल्या थोरल्या मुलांनी त्यांच्या हातात पत्र दिलं: पॅरिसमध्ये ज्यूंची धरपकड झाल्याचं आम्हाला कळलंय, आमच्यातही ज्यू आहेत, आणि आम्ही त्यांना तुमच्या हवाली करणार नाही. सरकारी अधिकाऱ्यांनी ज्यूंची यादी मागितली. त्रोक्मे यांनी ती दिली नाही. ‘ज्यू म्हणजे काय ते आम्हाला माहीत नाही, आम्हाला फक्त माणसं माहीत आहेत’ हे त्यांच्या नावावरचं प्रसिद्ध वाक्य याच काळातलं आहे. पुढे पोलीस बसगाड्या घेऊन आले आणि जवळजवळ रिकाम्याच घेऊन गेले. फेब्रुवारी १९४३मध्ये त्रोक्मे, तेस आणि दार्सिसाक यांना अटक करून छावणीत डांबलं होतं, हेही त्या मजकुरात नाही.

‘एकाच्याही केसाला धक्का लागला नाही.’

२९ जून १९४३ रोजी गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ‘मेझों दे रॉश’ या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर धाड घातली आणि अठरा विद्यार्थ्यांना उचललं. वसतिगृहाचे प्रमुख दानिएल त्रोक्मे, आंद्रे यांचे नातेवाईक, त्यांना पळून जाता आलं असतं. ते मुलांपाशी गेले. एप्रिल १९४४मध्ये मायदानेक छावणीत त्यांचा मृत्यू झाला. डॉक्टर ल फोरेस्तिए यांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिओंजवळ ठार केलं. ‘केसाला धक्का नाही’ हे वाक्य या माणसांना पुसून टाकतं.

माझं म्हणणं तुम्ही मानायलाच हवं असं नाही, मग खुद्द त्रोक्मे यांचं ऐका. १९७१ साली इस्राएलच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मृती संस्थेने त्यांच्या एकट्याच्या नावाने सन्मान जाहीर केला तेव्हा त्यांनी विचारलं होतं की मीच का? माझ्याइतकंच किंवा जास्तच केलेले इथले साधे शेतकरी का नाहीत? माझ्याहून शूर वागलेली माझी बायको का नाही? तेस का नाहीत? त्याच वर्षी जूनमध्ये ते वारले. ल शाँबों आणि आसपासच्या गावांचा एकत्रित सन्मान व्हायला १९९० साल उजाडलं.