दिवसभर बोलणारे केंद्र आणि नाशिकची आकाशवाणी

नाशिकला फोन लावला की अलीकडे धाकट्या भावाशी माझा एका विषयावर हटकून वाद होतो. आकाशवाणीवर सरकारने पैसा का घालावा, रेडिओ आता ऐकतो कोण, ज्याला जे हवे ते मोबाइलवर मिळतेच की, असे त्याचे म्हणणे असते. असे म्हणणारा तो एकटा नाही. 2023 च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला आणि विरोध झाल्यावर त्याला स्थगिती मिळाली, तेव्हाही हा युक्तिवाद पुष्कळांच्या तोंडी होता. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, बीबीसीचे रेडिओ फोर हे केंद्र नेमाने ऐकतो, आणि त्यामुळेच भावाचे म्हणणे मला अजिबात पटत नाही.

1967 साली सुरू झालेले हे केंद्र जवळजवळ पूर्णपणे बोलण्याचे आहे. त्यावर जाहिराती नाहीत आणि गाण्यांचा रतीबही नाही. पहाटे साडेपाचच्या सुमारास ब्रिटनभोवतीच्या 31 सागरी विभागांचे हवामान संथ आवाजात वाचून दाखवले जाते. पावणेसहाला शेतीचा कार्यक्रम लागतो. मी त्या वेळी कामावर निघालेलो असतो. एखादा दूध उत्पादक लिटरमागे हातात किती पेन्स पडतात आणि खर्च किती येतो याचा हिशेब सांगत असतो, आणि त्याच्या बोलण्यामागे गोठ्यातल्या यंत्राची घरघर ऐकू येत असते. सहा ते नऊ हा वेळ ‘टुडे’ या 1957 पासून चालत आलेल्या कार्यक्रमाचा. त्यात मंत्र्याने उत्तर टाळले, तर तोच प्रश्न त्याला पुन्हा विचारला जातो. गुरुवारी नऊ वाजता तीन प्राध्यापक एखादा प्राचीन राजा किंवा गणितातला एखादा सिद्धान्त उलगडून सांगतात. पुढे 1946 साली सुरू झालेला महिलांचा तास, दुपारी ग्राहकांच्या तक्रारी, बातम्या, नभोनाट्य, आणि रात्री साडेअकराला संसदेचा वृत्तान्त.

यातला निम्मा मजकूर मी स्वतःहून कधीच शोधला नसता. मोबाइल मला आवडेल तेच पुढे करतो. केंद्र मात्र मला दूध उत्पादकाचा हिशेब ऐकवते, आणि त्यामुळे दुकानात दूध घेताना त्या किमतीमागचा माणूस मला ठाऊक असतो. शहरातला श्रोता आणि खेड्यातला उत्पादक यांची अशी रोजची ओळख होणे ही मला लोकशाहीची गरज वाटते, आणि ज्या जिल्ह्यात लासलगावचा कांदा आणि दिंडोरी-निफाडची द्राक्षे पिकतात, तिथे तर ती अधिकच आहे.

भावाला हे सगळे परदेशी थाट वाटते, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. संध्याकाळी सात वाजता लागणारी ‘द आर्चर्स’ ही मालिका 1951 साली देशभर सुरू झाली. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती, आणि एका काल्पनिक गावाच्या कथेतून शेतकऱ्यांपर्यंत सुधारित शेतीची माहिती पोहोचवायची होती. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1956 साली, युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीवरून ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग झाला. त्यासाठी निवडलेल्या पाच जिल्ह्यांत नाशिक होते. सुमारे दीडशे गावांतली मंडळी आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र बसून ऐकत, त्यावर तिथेच चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. श्रोत्याने उलट विचारायचे, हे माझ्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी तेव्हाच करून दाखवले होते. ब्रिटनमधली मालिका आजही चालू आहे. आपल्याकडे मात्र त्या प्रयोगाची आठवणही फारशी कुणाला नाही, याचे मला वाईट वाटते.

बीबीसीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. रेडिओ फोर लंडनच्या सुशिक्षित वर्गाकडे झुकलेले आहे, ही तक्रार रास्त आहे. लेस्टरच्या रस्त्यांवर गुजराती सर्रास कानी पडते, पण या केंद्रावर दिवसभर इंग्रजीच असते. स्थानिक केंद्रांचे दुपारनंतरचे बरेच कार्यक्रम 2023 मध्ये बीबीसीनेही शेजारच्या केंद्रांशी जोडून टाकले. एप्रिल 2025 मध्ये दूरचित्रवाणीचा परवाना वर्षाला 174.50 पौंड झाला होता, रेडिओचा खर्चही त्यातूनच भागतो, आणि ही रक्कम अनेक कुटुंबांना जड जाते. पण पैसे थेट आपल्या खिशातून जातात म्हणून माणसे हक्काने जाब विचारतात, हेही मी पाहतो. आपल्याकडे रेडिओचा परवाना 1980 च्या दशकात गेला. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा 1990 साली झाला आणि 1997 साली अमलात आला, तरी पैशासाठी सरकारकडे पाहणे सुटले नाही. खासगी एफएम केंद्रांना आजवर स्वतःच्या बातम्या देता आलेल्या नाहीत. तासाला दहा मिनिटे बातम्यांची मुभा द्यावी, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने 2023 च्या सप्टेंबरमध्ये केली होती. ती मान्य व्हायलाच हवी.

कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडे तोडण्यावरून नाशिकमध्ये वाद पेटला, तेव्हा मला इथे बसून जे काही मिळाले ते घोषणा आणि अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती यांपलीकडे गेले नाही. महापालिकेचा अभियंता, आखाड्याचा प्रतिनिधी, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आणि रोज सकाळी तपोवनात फिरायला जाणारी एखादी गृहिणी यांना एका तासासाठी समोरासमोर बसवून शांतपणे बोलते करणे नाशिक केंद्राला अवघड नाही. त्याला स्टुडिओ, निवेदक आणि वरून मोकळीक एवढेच लागते. आठवड्यातून निदान एक तास असा मिळावा आणि गावोगावचे प्रश्न पुढच्या भागात उत्तरासह वाचले जावेत, ही मागणी नाशिककरांनी आपल्या खासदारांकडे लेखी द्यावी. भावाला मी त्या अर्जाचा मसुदा पाठवला आहे, आणि सही करण्याआधी त्याला त्यात द्राक्षांवरच्या डावणी रोगाचा प्रश्न घालायचा आहे.