समुद्रातील मृत वस्तू

सोसायटीच्या ग्रुपवर परवा निरोप आला: ‘काही सभासद लिफ्टमधून समुद्रातील मृत वस्तूंची ने-आण करत आहेत. हे त्वरित थांबवावे.’ सीवूड्सच्या आमच्या इमारतीत समुद्रावरून पिशव्या भरून आणणारं बिऱ्हाड एकच आहे, आमचं. तरी ‘काही सभासद’. खाली अंगठ्यांची रांग. मृत वस्तू म्हणजे शिंपले, रिकामे आणि धुतलेले. याच लिफ्टमधून दर रविवारी सुरमई वर जाते, ती बहुधा जिवंत असते.

या निरोपामागे तिसऱ्या मजल्यावरचे काका आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे. आदल्या संध्याकाळी ते लिफ्टच्या दारात एक पाय ठेवून उभे होते. दार बंद व्हायचं, पायाला लागून उघडायचं, आणि काकांची चौकशी चालू.

“वहिनी, यात काय?”

“शिंपले.”

“तिसऱ्या का? कशा दिल्या?”

“खायचे नाहीत हो. रिकामे आहेत. उरणला किनाऱ्यावर वेचले.”

“म्हणजे फुकट?” काकांनी नाक पिशवीत घातलं. “तरीच वास येतोय.”

वास येत नव्हता. वास शिंपल्याला नसतोच. शंखाच्या आतल्या वेटोळ्यात किडा मरून सडला तर तो येतो. म्हणून शंख उचलला की आधी ओल्या वाळूवर ठेवून दोन मिनिटं गप्प बसायचं. चालायला लागला तर आत खेकडा आहे, जाऊ द्यायचा. शिंपल्याची दोन्ही झाकणं घट्ट मिटलेली असतील तर तोही जिवंत, तोही तिथेच ठेवायचा. हे सगळं मी सांगत होते, पण काका पुढे गेले होते.

“दक्षिणावर्ती मिळतो का तिकडे?”

“नाही. तो उलट्या वेटोळ्याचा शंख मन्नारच्या आखाताकडचा. आणि लाखात एखादा.”

“आमच्याकडे आहे,” काका म्हणाले. “प्रदर्शनात घेतला. अकरा हजार.” आणि मला लिफ्टमध्ये अडकवून, दारात स्वतःची चप्पल ठेवून, एका पायात चप्पल असलेले काका शंख आणायला घरी गेले.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं असं घरच्यांचं मत आहे. माझं नाही. खऱ्या शंखाच्या तोंडात बोट घातलं की मधल्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या लागतात. बाजारात दक्षिणावर्ती म्हणून विकला जाणारा बहुतेक माल अमेरिकेच्या किनाऱ्यावरची वेगळीच गोगलगाय असते. ती जातच उलट्या वेटोळ्याची, तिकडे ढिगांनी सापडते, आणि तिच्या आतला खांब गुळगुळीत. काकांनी बोट घातलं. बराच वेळ फिरवलं. मग काही न बोलता चप्पल उचलली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर निरोप.

असो. या छंदाला खर्च म्हणाल तर लोकलचं तिकीट, उरण स्टेशनपासून पीरवाडीची रिक्षा, एक जुनी चाळणी आणि टूथब्रश. जानेवारी 2024 पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, त्यामुळे गाडी हवी ही सबबही गेली. खरी गोम वेळेची. भर भरतीला जाऊन ‘काही नाही हो तिकडे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते, साधारण. चतुर्थीला तीन, म्हणजे भरती पहाटे तीनला आणि दुपारी तीनला, ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. त्यामुळे कॅलेंडरवर संकष्टी रविवारी आली की आमच्याकडे उपवासापेक्षा बादलीची तयारी आधी होते. आजी तिथी काढते, भरतीच्या तक्त्याशी ताडून बघायचं काम नातवाचं, आणि त्या तक्त्यापुरता तरी मोबाईल उपयोगाला येतो. सात-साडेसातला वाळूवर असावं, पाण्याच्या मागोमाग उतरत जावं, पाणी फिरलं की परतावं. हलक्या वस्तू वर, भरतीने काड्याकचऱ्याची रेघ ओढलेली असते तिथे. जड शंख खाली, खडकांच्या कपारीत. पावसाळ्यात निळी फुगेवाली जेलीफिश येते. मेलेली असली तरी डसते, मुलांना आधीच बजावावं. प्रवाळाला हात लावू नये; प्रवाळ आणि काही जातींचे शंख 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत आहेत. आणि ठाण्याच्या खाडीत, रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या अभयारण्यात, चाळणी घेऊन उतरायचा विचारही नको.

घरी आणलं की एक दिवस गोड्या पाण्यात, पाणी दोनदा बदलून. मग ब्रश. कोणीतरी व्हिनेगरचा सल्ला देतोच. देऊ द्यावा, ऐकू नये. शिंपला चुन्याचा, व्हिनेगरमध्ये तो फसफसून विरघळतो.

राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्या भरतीच्या रेघेवर शिंपल्यांच्या कितीतरी पट गुटख्याच्या पुड्या, स्ट्रॉ आणि निर्माल्याच्या गाठ मारलेल्या प्लास्टिक पिशव्या असतात. वाशीच्या खाडीपुलावर गाडी थांबवून पिशवी भिरकावणारा भाविक, आणि समुद्रातून शिंपला आणणारी मी घाणेरडी! त्याबद्दल ग्रुपवर निरोप येत नाही.

काल काकूंचा फोन आला, हळू आवाजात. लव्हबर्ड्सना चघळायला समुद्रफेन, म्हणजे माकुलाचं पांढरं हाड, हवा होता. दुकानात विकत मिळतो, किनाऱ्यावर पायाखाली येतो. खारटपणा जाण्यासाठी चार दिवस पाण्यात ठेवा, उन्हात कडक वाळवा, मऊ बाजू पक्ष्यांकडे करून अडकवा, असं सांगितलं. पुढच्या वेळी त्यांनाही यायचंय, काकांना न सांगता. मी म्हटलं, खुशाल या, फक्त मागे पट्टा असलेली चप्पल घाला. साधी घातलीत तर पाय चिखलातून वर येतो, चप्पल नाही.