गाड्या वाढवा, नफ्याचं नंतर बघू

विजेच्या गाड्यांचा कारखाना काढायचं ठरवलंत? उत्तम. जमीन, यंत्रं, माणसं हे सावकाश बघता येईल. आधी आकडा जाहीर करा. आकडा गोल हवा आणि साल लांबचं. टेस्लाने 2030 सालापर्यंत वर्षाला 2 कोटी गाड्या बनवू, असं सांगितलं होतं. 2024 मध्ये निघालेल्या त्यांच्या अहवालात तो आकडा दिसलाच नाही. कुणी विचारलं? तोवर नवा आकडा आलेला असतो.

पुढे खरोखर गाड्या बनवायची वेळ आलीच, तर मांडव घाला. थट्टा नाही. 2018 मध्ये आठवड्याला 5,000 ‘मॉडेल 3’ काढायच्या म्हणून टेस्लाने फ्रीमाँटच्या कारखान्याच्या आवारात भलामोठा तंबू ठोकून त्यात जुळणी सुरू केली होती. आपल्याकडे एवढी तयारी तर मुंजीलाही होते.

आता मुख्य मुद्दा. गाड्या बनल्या आणि गिऱ्हाईक येईना, तर भाव पाडा. थोडाथोडका नव्हे, चांगला हिसडा बसेल इतका. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेत टेस्लाच्या ‘मॉडेल वाय’ची लाँग रेंज गाडी 65,990 डॉलरवरून एकदम 52,990 वर आली. ज्याने आदल्याच महिन्यात पूर्ण भावाने घेतली, त्याचे 13,000 डॉलर गेले. त्याला तुमचा निष्ठावंत ग्राहक म्हणायचं. चीनमध्ये असे निष्ठावंत त्याच महिन्यात शोरूमसमोर जमून घोषणा देत होते. लक्ष देऊ नका, गर्दी ही गर्दीच असते.

हिशेब तपासायचाच असेल तर हा घ्या. टेस्लाने 2022 मध्ये 13.1 लाख गाड्या दिल्या, 2023 मध्ये 18.1 लाख. गाड्यांवरचं ढोबळ मार्जिन, म्हणजे बनवण्याचा खर्च वजा जाता विक्रीतून उरणारा वाटा, साधारण 28.5 टक्क्यांवरून 19.4 वर उतरलं. यावर टेस्लाच्या एलॉन मस्कचं उत्तर पाठ करून ठेवा: आज कमी नफ्यात भरपूर गाड्या रस्त्यावर आणू, पुढे त्या स्वतःच चालायला लागल्या की नफा त्यांच्यातून काढू. म्हणजे सध्या रेडकू विकतोय, दूध पुढच्या साली. 2024 मध्ये विक्रीही जराशी घसरली, पण धूर न सोडणाऱ्या गाड्यांबद्दल मिळालेली प्रदूषणाची क्रेडिट्स पेट्रोलच्या गाड्या बनवणाऱ्यांना विकून वर्षभरात पावणेतीन अब्ज डॉलर मिळाले. शेजाऱ्याच्या धुरावर आपली चूल पेटते ती अशी.

भाव पाडले, पण खर्च जागचा हलत नाही, असं होतं. घाबरू नका. तो कुणाच्या तरी माथी मारायचा असतो, फक्त माणूस शोधावा लागतो. सुटे भाग पुरवणारा त्यासाठी सगळ्यात सोयीचा. माल आज घ्यायचा, पैशाचं ‘बघू’. चीनमध्ये हे ‘बघू’ इतकं लांबलं, की जून 2025 मध्ये बीवायडी या तिथल्या वाहन कंपनीसह मोठ्या कंपन्यांना ‘60 दिवसांत बिलं चुकती करू’ असं जाहीर वचन द्यावं लागलं. त्याआधी मे महिन्यात बीवायडीने 22 मॉडेलांचे भाव 34 टक्क्यांपर्यंत उतरवले होते. छोटी ‘सीगल’ 55,800 युआनला. स्वस्त झाली म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांत बोल्ट पुरवणारा नव्हता एवढंच.

आणि तरीही आवारात गाड्या उरल्या? मग ग्रेट वॉल या चिनी वाहन कंपनीच्या अध्यक्षांनी ज्यावर बोट ठेवलं, तो उपाय करा: शून्य किलोमीटर चाललेली जुनी गाडी. गाडीची नोंदणी करून टाकायची, कागदावर ती ‘विकली’ जाते. मग तीच ‘सेकंडहँड’ म्हणून बाजारात सोडायची. सीटवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नसतं. आधीच्या मालकाने गाडी फार जपून वापरली, असं बिनदिक्कत सांगा.

आपल्याकडच्या डोक्यालाही कमी लेखू नका. विजेच्या गाड्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या फेम-2 योजनेत दुचाकीला अनुदान हवं तर कारखान्यातली किंमत दीड लाखाच्या आत हवी, अशी अट होती. काही कंपन्यांनी गाडीची किंमत त्या आत बसवली आणि चार्जरचं बिल वेगळं फाडलं. बैल विकायचा आणि दाव्याचे पैसे निराळे. 2023 मध्ये चार्जरचे पैसे गिऱ्हाइकांना परत करण्याची वेळ आली. तेव्हा तुम्ही बिल फाडण्याआधी परतफेडीची तरतूद करून ठेवा. ती ताळेबंदात ‘ग्राहकसेवा’ म्हणून दाखवता येते का, ते सीएला हळूच विचारा.