‘तीन महिन्यांत सुरक्षित कुटुंब’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे नातेवाइकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘तीन महिन्यांत सुरक्षित कुटुंब’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरतो आहे. आईवडील आणि मुले यांनी मिळून कराटे शिकावे, असे त्याचे आवाहन आहे. त्यापुढचे दावे असे: तीन महिन्यांत कोणतीही मुलगी हल्लेखोराच्या हातातला चाकू काढून घेऊ शकते, दीड वर्षात सगळे घर ब्लॅक बेल्ट होते, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या सुटतात, बेल्ट बांधला की शिस्त आपोआप येते, मार खाल्ल्याशिवाय मूल निडर होत नाही, सराव पक्का व्हावा म्हणून वडिलांनी घरात मुलीला मागून अचानक पकडून पाहावे, स्वसंरक्षणात समोरच्याचे काहीही झाले तरी गुन्हा होत नाही, आणि शेवटी, ‘ज्यांनी शिकण्याची तसदी घेतली नाही, त्यांनी नंतर रडू नये’. माझ्या भावाने तो घरच्या गटावर टाकला आणि खाली वहिनीने विचारले, ‘ताई, तुम्ही इतकी वर्षे कराटे केले आहे, घालायची का सगळ्यांची नावे?’ एका ओळीत उत्तर द्यावे असा हा प्रश्न नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

किरकोळ गोष्टी आधी उरकते. दीड वर्षात ब्लॅक बेल्ट देणारे वर्ग आहेत, हे खरे आहे. ग्रेडिंगची, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेची, फी भरली आणि त्या दिवशी काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, पाठ म्हटल्यासारखा करून दाखवला की पट्टा हातात पडतो. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान या ज्युदो-शाळेची स्थापना केली आणि पुढे डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या श्रेणींची पद्धत रूढ केली. त्या पद्धतीत पहिला डॅन म्हणजे पाया तयार झाल्याची खूण असते, शिक्षण संपल्याची नव्हे. तायक्वांदो या कोरियन युद्धकलेचे सोलमधील मुख्यालय कुक्कीवॉन तर १५ वर्षांखालच्या मुलांना डॅन न देता ‘पूम’ ही वेगळी श्रेणी देते. व्यायामाचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सुचवली आहे. शनिवार-रविवारच्या गर्दीच्या वर्गात पॅडवर लाथ मारण्यासाठी रांगेत थांबण्यातच बराच वेळ जातो. दम वाढतो, तोल सुधारतो, घरातली मंडळी टीव्हीसमोरून उठतात, एवढे मी आनंदाने मान्य करते. गोळ्या कमी करायच्या की नाही, ते मात्र डॉक्टरांनी ठरवायचे आहे, वर्गातल्या सरांनी नव्हे.

चाकूचा दावा इतक्या सहज सोडून देता येत नाही, कारण त्याने जीव जाऊ शकतो. वर्गात हा सराव कसा होतो ते पाहा. जोडीदार रबरी चाकू घेऊन एक पाऊल पुढे येतो, हात सरळ लांब करतो आणि तुमची पकड, पिरगाळ आणि फेक पूर्ण होईपर्यंत तो हात तसाच हवेत ठेवतो. खरा हल्लेखोर एका हाताने केस किंवा कॉलर धरतो, चाकूचा हात अंगाजवळ ठेवतो आणि आखूड, वेगवान वार पुन्हा पुन्हा करतो. ज्यांना शंका असेल त्यांनी पांढरा सदरा घालावा, जोडीदाराच्या हातात ओल्या शाईचे मार्कर द्यावे, ‘पाहिजे तसा हल्ला कर’ असे सांगावे आणि दहा सेकंदांनी सदऱ्यावरच्या रेघा मोजाव्यात. पट्टा कोणत्याही रंगाचा असो, सदरा कोरा राहत नाही. म्हणूनच जाणते शिक्षक चाकू दिसताच आधी अंतर वाढवायला, मध्ये टेबल किंवा खुर्ची आणायला, पर्स फेकून पळायला आणि ओरडायला शिकवतात. पळणे संदेशात कुठेच नाही. बहुधा ते शौर्यात बसत नसावे.

पण मला सर्वांत जास्त संताप आला तो वडिलांनी घरात मुलीला अचानक मागून पकडण्याच्या सल्ल्याचा. वर्गात पकड सोडवण्याचा सराव करताना मुलीला आधी सांगितलेले असते, ती तयार असते, आणि तिने ‘थांब’ म्हटले किंवा हाताने दोनदा थोपटले की पकड त्या क्षणी सुटलीच पाहिजे, हा नियम असतो. त्या नियमातून मुलगी काय शिकते, तर आपल्या ‘नाही’ला वजन आहे. घरात स्वयंपाकघराच्या दारात तिला मागून कवळायचे, ती घाबरली की हसायचे आणि ‘बघ, तुझा सराव कमी पडला’ असे सुनवायचे, यातून ती शिकते ते नेमके उलटे: ओळखीच्या माणसाने न विचारता धरले तर तो खेळ असतो आणि तक्रार करणे हा रडेपणा असतो. उद्या एखादा काका, शिकवणीचे सर किंवा शेजारचा दादा असेच करू लागला, तर तिने कोणत्या तोंडाने सांगावे?

हे काही कल्पनेतले भय नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे हेच दाखवतात की, नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, कुटुंबाचा मित्र, काम देणारा, मित्र. संदेशातला हल्लेखोर मात्र शेवटपर्यंत अंधाऱ्या गल्लीत दबा धरून बसलेला अनोळखी माणूस आहे. सगळ्या कुटुंबाला त्या गल्लीकडे तोंड करून उभे करायचे आणि दिवाणखान्याकडे पाठ फिरवायची, यात संरक्षण कोणाचे होते?

म्हणजे प्रशिक्षण निरुपयोगी आहे का? तसे मुळीच नाही, आणि इथे मला संदेशाचे अर्धे म्हणणे खरे मानावेच लागते. कॅनडातील शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला बारा तासांचे प्रतिकार-प्रशिक्षण दिले गेले, दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रके. पुढच्या वर्षभरात बलात्कार झालेल्यांचे प्रमाण प्रशिक्षित गटात ५.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ९.८ टक्के निघाले. बलात्काराच्या प्रयत्नांचे प्रमाण ३.४ विरुद्ध ९.३ टक्के. बारा तासांत कोणी ब्लॅक बेल्ट होत नाही. मग त्या बारा तासांत होते काय? प्रत्येकी तीन तासांचे चार भाग. पहिल्यात ओळखीच्या पुरुषांच्या वागण्यातील धोका ओळखणे. दुसऱ्यात ‘त्याला वाईट वाटेल’, ‘लोक काय म्हणतील’ हे मनातले अडसर ओलांडून वेळीच नकार देणे. तिसऱ्यात ठोसे, लाथा, सुटका आणि आवाज. चौथ्यात स्वतःच्या नात्यांविषयीच्या इच्छा आणि मर्यादा स्पष्ट करणे. हाणामारीच्या वाट्याला त्यातला एकच भाग आला आहे. अभ्यास विद्यापीठातल्या तरुणींचा आहे, दहा वर्षांच्या मुलींचा किंवा आपल्याकडच्या वर्गांचा नाही, हे मी विसरलेले नाही. पण नाव घालण्यापूर्वी वर्गात काय विचारावे, हे त्यावरून कळते. ओळखीच्या माणसाला मोठ्या आवाजात ‘हात काढा’ म्हणण्याचा सराव तिथे करून घेतात का?

चारित्र्याचा दावाही पट्ट्याच्या गाठीत मावत नाही. आधुनिक कराटेचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांनी कराटेसाठी घालून दिलेल्या वीस सूत्रांत पहिले सूत्र नमनाचे आहे आणि दुसरे ‘कराटेत पहिला वार नाही’ असे आहे. ते भिंतीवर लावून कोणी सज्जन होत नाही. ते रोज वागण्यातून शिकवावे लागते, आणि शिकवणारा स्वतः पोरांवर खेकसत असेल तर पोरे खेकसायलाच शिकतात. मारून निडर करण्याविषयी जपानचाच अनुभव पुरेसा आहे: १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत तिथल्या शाळांतील ज्युदोत शंभरहून अधिक मुले दगावली. त्यांत डोक्याच्या दुखापतींचा वाटा मोठा होता आणि नुकताच सराव सुरू केलेल्या मुलांना धोका अधिक होता. आईवडील आणि मुले एकत्र शिकण्यात मला खरा फायदा दिसतो तो इथेच. वडील वर्गात हजर असले की डोक्याला फटका बसलेल्या मुलाला ‘काही होत नाही, ऊठ’ म्हणून कोणी परत उभे करणार नाही, आणि आईलाही चुकताना, दमताना, पुन्हा करताना मुले पाहतील.

कायद्याचा मुद्दा अर्धवट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ पासून पुढे खासगी संरक्षणाचा हक्क आहे आणि कलम ३८ खाली काही प्रसंगी, उदाहरणार्थ बलात्काराच्या हेतूने झालेल्या हल्ल्यात, तो हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही जातो. पण कलम ३७ म्हणते की, संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाही. पडलेल्या माणसाला लाथा घालत राहणे या हक्कात बसत नाही, आणि आपली कृती या अपवादात बसते हे न्यायालयात दाखवण्याचा भार आपल्यावरच असतो.

राहिले ते ‘नंतर रडू नये’. भीतीने शरीर गोठून जाणे हे प्रशिक्षित माणसांच्याही बाबतीत घडते, आणि प्रतिकार झाला नाही म्हणून अपराध पीडितेच्या माथी मारण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिलेली आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये झालेल्या अत्याचाराच्या, मथुरा या पीडित मुलीच्या नावावरून मथुरा प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्यावरून देशभर आंदोलन उभे राहिले, १९८३ मध्ये कायदा बदलला, आणि २०१३ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच लिहिले की, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही. आजच्या न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ती तरतूद तशीच आहे. वर्गात नाव घातले नाही म्हणून ती कोणाला नाकारता येत नाही, आणि भावाने तो संदेश गटावरून काढून टाकावा, असे मी त्याला कळवले आहे.